सायनला संपलेला पैसा: घर टिकवायला सरकार खर्च करतं, पण कोपरपर्यंत का नाही?

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं म्हणून अर्ध्यात सुटला, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलण्यातलं 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' बरंचसं काढलंय. थोडं राहिलं असेल तर चालवून घ्या.

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे. माणूस राहतो त्या घरातून त्याला बाहेर पडायला लागू नये, यासाठी सरकारने कधी स्वतःचा पैसा घातलाय का? स्वस्त कर्ज वगैरे म्हणत नाहीये मी. राहत्या घराच्या दुरुस्तीला, किंवा घर खाली केलं तर मधल्या काळातल्या निवाऱ्याला दिलेला सरळ पैसा.

उत्तर आहे, हो, घातलाय. आपल्याच राज्यात घातलाय, पन्नासहून जास्त वर्षं घालतंय. आणि तो पैसा सायन आणि माहीमला थांबतो. त्या रेषेच्या पुढे, म्हणजे कुर्ल्यापासून आपल्या कोपर-डोंबिवलीपर्यंत, ती व्यवस्था नाही. ही रेषा कुठून आली, हीच आजची गोष्ट.

मी राहतो कोपरला. दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं स्टेशन, वर वसई-दिव्याची लाइन, खाली आपली नेहमीची गर्दी. दर वर्षी मे महिना आला की महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी येते. कल्याण-डोंबिवलीत हा आकडा काही शेकड्यांत असतो. इमारतीवर बोर्ड लागतो, 'ही इमारत धोकादायक आहे, आत प्रवेश करू नये'. आणि त्याच बोर्डाखालून लोक डबा घेऊन कामाला जातात, संध्याकाळी भाजी घेऊन परत येतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय वेडी माणसं आहेत, जीव नकोसा झालाय का यांना. ती वेडी नाहीत. त्यांनी हिशोब केलेला असतो. तो हिशोब समजायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

प्लेग, पाडकाम आणि पहिला धडा

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. सरकारने निदान केलं की दाट, अंधाऱ्या वस्त्या हे रोगाचं घर आहे. १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. काम काय, तर जुन्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, हवेशीर घरं बांधायची. रस्ते झाले, आजही आपण ते वापरतो. पण घरं पाडण्याचा वेग बांधण्यापेक्षा जास्त होता. ज्यांच्या खोल्या गेल्या त्यातले कितीतरी लोक बाजूच्या गल्लीत, आधीच भरलेल्या दुसऱ्या चाळीत घुसले. म्हणजे दाटी हलली, कमी नाही झाली.

मग पहिलं महायुद्ध आलं. बांधकाम थांबलं, गिरण्या जोरात, माणसं येतच होती. भाडी वाढली. हे फक्त मुंबईत नव्हतं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात १९१५ मध्ये बायकांनी भाडं देणंच बंद केलं. मेरी बार्बर नावाची बाई त्यात पुढे होती. घर खाली करायला आलेल्या माणसाला गल्लीतल्या बायका मिळून परत पाठवायच्या. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटला भाडं गोठवणारा कायदा करावा लागला. तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, मुंबईतही भाडेनियंत्रणाचा कायदा आला.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइडच्या काळात सरकार आणखी पुढे गेलं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी. वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड (आताचा ना. म. जोशी मार्ग) इथे मिळून २०७ चाळी. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला. ज्या धंद्यामुळे कामगार शहरात येतोय, त्या धंद्याच्या मालावरच कामगारांच्या घरासाठी कर. कल्पना आजही चांगली वाटते. अंमलबजावणीत गडबड झाली. चाळी सिमेंट काँक्रीटच्या, कोंदट, भाडं कामगाराला न परवडणारं, त्यामुळे सुरुवातीची बरीच वर्षं अनेक खोल्या रिकाम्या पडल्या. पण मालकी सरकारची होती, आणि याचा फायदा पुढच्या पिढ्यांना झाला. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळी बीडीडीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. प्रत्येकी ५०० चौरस फूट. सरकार मागे उभं असलं की शंभर वर्षांनीसुद्धा माणूस त्याच पत्त्यावर राहू शकतो.

भाडं गोठलं, गिलावा सुटला

आता १९४७. 'बॉम्बे रेंट ॲक्ट' म्हणून आपले आजोबा ज्याचं नाव घ्यायचे तो कायदा. साधं सूत्र होतं, १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच प्रमाण भाडं. मालकाला मनाला येईल तसं वाढवता येणार नाही, भाडेकरूला वाटेल तेव्हा काढता येणार नाही.

या कायद्याने गिरगाव, लालबाग, परळमधली लाखो मराठी कुटुंबं शहरात टिकली, हे मान्य करायलाच हवं. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे येत होते, घरं कमी होती. कायदा नसता तर गिरणी कामगार दोन वर्षांत रस्त्यावर आला असता.

पण या कायद्याची एक बाजू सरकारला फार सोयीची होती. त्यासाठी सरकारला खिशातून काहीच घालायचं नव्हतं. भाडेकरूला दिलासा द्यायचा, तो मालकाच्या पैशाने. मग मालकानेही हात वर केले. महिना पंधरा-वीस रुपये भाडं देणाऱ्या खोलीचं छप्पर कोण बदलणार? लाकडी तुळयांना वाळवी लागली, संडासाच्या बाजूच्या भिंतीत पाणी मुरलं. पावसाळ्यात इमारती पडायला लागल्या. ज्या कायद्याने घर वाचवलं, त्याच घराचं छत डोक्यावर आलं.

आमच्या क्षेत्रात याला 'मेन्टेनन्स बजेट नसलेली सिस्टिम' म्हणतात. सर्व्हर चालू आहे, युजर खूश आहेत, पण पॅच लावायला कोणी नाही, कारण त्याचे पैसे कोणी द्यायचे हे कुठेच लिहिलेलं नाही. एक दिवस ती पडतेच.

१९६९: सरकारने खिशात हात घातला

१९६८ मध्ये राज्य सरकारने बेडेकर समिती नेमली. प्रश्न होता, इमारती का पडतात आणि काय करायचं. त्यातून १९६९ चा इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा आला आणि १९७१ पासून मंडळाचं काम सुरू झालं. पुढे १९७६ च्या म्हाडा कायद्यात हे सगळं सामावलं गेलं. बातम्यांत 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द येतो ना, तो इथला. उपकर म्हणजे सेस.

हे चालतं कसं ते नीट बघू, कारण माझ्या मते आपल्या राज्याने घरांबाबत केलेल्या सगळ्यात धाडसी गोष्टींपैकी ही एक आहे.

मुंबई बेटावरच्या जुन्या खासगी इमारतींचे तीन गट केले. 'अ' म्हणजे १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या, १६,५०२ इमारती. 'ब' म्हणजे तिथून १९५० अखेरपर्यंतच्या, १,४८९. 'क' म्हणजे १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या, १,६५१. एकूण १९,६४२. या इमारतींकडून मालमत्ता करासोबत उपकर घ्यायचा. त्यात राज्य सरकार आणि मुंबई महापालिकेने आपापला वाटा घालायचा. त्या निधीतून मंडळ खासगी मालकाच्या इमारतीची दुरुस्ती करणार, चौरस मीटरमागे ठरलेल्या खर्चाच्या मर्यादेत. दुरुस्ती मर्यादेबाहेर गेली तर इमारत संपादित करून नवी बांधायची. आणि मधल्या काळात भाडेकरूंना संक्रमण शिबिरात जागा द्यायची.

या व्यवस्थेने मान्य केलं की घर टिकवणं हे शहराचं सामायिक काम आहे. थोडं राहणारा देईल, थोडं महापालिका, थोडं राज्य. आणि मुख्य म्हणजे जबाबदार कोण, त्याचं नाव ठरलं. भिंत फुगली की अर्ज कुठे द्यायचा हे भाडेकरूला माहीत झालं.

आता याचे दोषही सांगतो, नाहीतर कमेंटमध्ये गिरगावकर मला सोडणार नाहीत. निधी कायम अपुरा पडला. खर्चाची मर्यादा महागाईच्या मागे धावत राहिली. दुरुस्ती म्हणजे बऱ्याचदा लाकडी टेकू आणि लोखंडी गर्डर. संक्रमण शिबिरात 'थोड्या दिवसांसाठी' गेलेली कुटुंबं तिथे तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षं राहिली. प्रतीक्षा नगर हे नाव किती नेमकं आहे ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. आणि मंडळ असूनही इमारती पडल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात, जुलै २०१९ मध्ये डोंगरीत.

मालकांनाही हे पटलं नाही. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात एक प्रकरण वाढवलं गेलं, की ७० टक्के भाडेकरूंनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादित करता येईल. मालकांची संघटना कोर्टात गेली. ते प्रकरण १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात होतं आणि शेवटी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठासमोर आलं. ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरत नाही. अख्ख्या देशात गाजलेल्या या निकालाची सुरुवात मुंबईतल्या गळक्या चाळींपासून झाली होती, हे मात्र फार कमी लोकांना माहीत आहे.

इतकं सगळं असूनही, त्या १९,६४२ पैकी तेरा हजारांच्या आसपास इमारती आजही उभ्या आहेत. म्हणजे काम अर्धवट झालं, पण झालं.

रेषेच्या या बाजूला

मग रेषा सायन-माहीमलाच का? कारण १९६९ मध्ये जुन्या, मोडकळीला आलेल्या भाड्याच्या इमारती म्हटलं की मुंबई बेट डोळ्यांसमोर यायचं. डोंबिवली तेव्हा लहान गाव होतं. ब्लॉक, बैठी घरं, मोकळी हवा. इथल्या इमारती नव्या होत्या किंवा बांधायच्याच होत्या. त्या वेळच्या माणसाच्या दृष्टीने रेषा चुकीची नव्हती.

पण नंतर काय झालं ते बघा. भाडेनियंत्रणामुळे बेटावर भाड्याची नवी घरं बांधणं जवळपास थांबलं. चाळीतल्या एका खोलीत तीन भाऊ मावेनात. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि नंतर गिरण्याच संपल्या. मधला भाऊ, धाकटा भाऊ, नवीन लग्न झालेलं जोडपं, सगळे मध्य रेल्वेला लागले. मुलुंड, ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण. मुंबईने ज्यांना सामावून घेतलं नाही त्यांना आपण घेतलं. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या जवळ होती.

आणि ही घरं कशी बांधली गेली? घाईत. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या तळमजला अधिक दोन-तीन मजली इमारती, खाडीची रेती, बोअरचं पाणी, कमी सळई. काही पागडीच्या, काही ओनरशिपच्या, पण बऱ्याच इमारतींची जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर. शेजारी गावठाणातल्या, सातबाऱ्यावरच्या, परवानगी नसलेल्या चाळी. आता त्या चाळीस-पन्नास वर्षांच्या झाल्या. १९६८ मध्ये गिरगाव जिथे होतं, तिथे आज आपण आहोत. फक्त बेडेकर समिती नाही.

काय होतं ते आपण पाहिलंय. ४ एप्रिल २०१३, शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली, ७४ मृत्यू. २८ जुलै २०१५, ठाकुर्लीत जुनी इमारत रात्री पडली, ९ मृत्यू. त्यानंतर आठवड्याभरातच ठाण्याच्या नौपाड्यात आणखी एक. २१ सप्टेंबर २०२०, भिवंडीत पहाटे झोपेत असताना, सुमारे चाळीस माणसं.

प्रत्येक वेळी पुढचं ठरलेलं. यादी, नोटीस, वीज-पाणी तोडणं. महापालिका कायद्यानुसार धोकादायक इमारतीला नोटीस देणं, ती खाली करायला लावणं हा आयुक्तांचा अधिकार आहे आणि गरजेचाही आहे. इमारतींची वर्गवारी असते. सी-१ म्हणजे तात्काळ खाली करून पाडायची, सी-२ए म्हणजे खाली करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत असताना दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. पण सी-२ वाल्यांच्या दुरुस्तीचे पैसे कोण देणार? सी-१ वाल्यांनी उद्यापासून राहायचं कुठे, आणि त्या भाड्याचं काय? नोटिशीत यातलं काही नसतं.

आमच्या ओळखीच्या एक काकू अशाच इमारतीत पागडीवर राहतात. मुलगा खासगी कंपनीत, पगार बेताचा. मी त्यांना म्हटलं, "काकू, पावसाळ्यापुरतं तरी बाहेर पडा." त्या शांतपणे म्हणाल्या, "अरे, एकदा कुलूप लावून बाहेर पडले की परत आत कोण घेणार? आज निदान मी आत आहे म्हणून मालक माझ्याशी बोलतो."

हाच तो हिशोब. कायदा खरं तर काकूंच्या बाजूचा आहे. २०१४ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. पण हक्क कागदावर जिवंत ठेवायचा तर वकील लागतो, आणि मधली पाच-दहा वर्षं दुसरीकडे भाडं भरायला लागतं. ज्याच्याकडे तेवढे पैसे नाहीत, त्याच्यासाठी हक्क सांभाळायचा एकच मार्ग उरतो, पडक्या घरात बसून राहणं.

पैशाऐवजी एफएसआय

मग तुम्ही म्हणाल, रिडेव्हलपमेंट आहे की. बरोबर. हा गोष्टीचा शेवटचा भाग.

१९९१ नंतर सरकारने हळूहळू खिशातून हात काढला आणि एक नवीन चलन छापलं, एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. कल्पना अशी, की बिल्डरने जुन्या रहिवाशांना मोफत घर द्यायचं, बदल्यात जास्त बांधकामाची परवानगी, आणि जास्तीचे फ्लॅट विकून त्याने पैसे कमवायचे. उपकरप्राप्त इमारतींना हे लागू झालं. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं तेही याच सूत्रावर. सरकारला पुन्हा एकदा रोख काही द्यायचं नाही. १९४७ मध्ये भार मालकावर टाकला, आता जमिनीच्या भावावर टाकला.

यात अडचण काय? एक गणित मांडतो. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुठल्या खऱ्या प्रोजेक्टचे नाहीत.

धरा, वीस कुटुंबांची इमारत. प्रत्येकाला ४०० चौरस फूट मोफत, म्हणजे ८,००० फूट. विकायला आणखी ८,००० फूट. बांधकाम खर्च फुटाला ३,००० रुपये धरला तर १६,००० फुटांचे ४ कोटी ८० लाख. आता तीन वर्षांचं भाडं. कोपरला महिना १२,००० धरले तर वीस घरांचे साधारण ८६ लाख. खर्च झाला ५ कोटी ६६ लाख. विक्रीचा भाव फुटाला ७,५०० धरला तर ८,००० फुटांचे मिळाले ६ कोटी. उरले ३४ लाख. त्यात प्रीमियम, मंजुऱ्या, व्याज सगळं बसवायचं. कोण येईल?

हीच इमारत दादरला न्या. भाडं महिना ४०,००० धरा, म्हणजे २ कोटी ८८ लाख. एकूण खर्च ७ कोटी ६८ लाख. विक्रीचा भाव ४०,००० धरला तर मिळाले ३२ कोटी. उरले २४ कोटींच्या वर. तिथे बिल्डर रांगेत उभे राहतात.

इमारत तीच, माणसं तितकीच, धोका तोच. फक्त भाव वेगळा. एफएसआय हे चलन महागड्या जमिनीवरच वटतं. आणि मुंबई परवडत नाही म्हणूनच लोक कोपरला आले होते. म्हणजे ज्यांना मदतीची जास्त गरज, तिथेच हे चलन सगळ्यात कमी चालतं.

ठाण्याने यावर क्लस्टरचं उत्तर शोधलं. एकेक इमारत नाही, अख्खी वस्ती एकत्र घ्यायची, अनधिकृत इमारतींनाही सामावून घ्यायचं. वर्षानुवर्षं घोषणा झाल्यावर जून २०२३ मध्ये किसननगरला भूमिपूजन झालं. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीमुळे आपल्यासारख्या महापालिकांसाठीही हा रस्ता उघडलाय. पण क्लस्टरलाही वर्षं लागतात, आणि काकूंची भिंत या जुलैत फुगलीय.

केंद्राच्या पैशाचं काय? आला होता. जेएनएनयूआरएमखाली बीएसयूपी योजनेतून शहरी गरिबांसाठी कल्याण-डोंबिवलीत हजारो घरं बांधली गेली. त्यातली बरीचशी, पात्रतेच्या आणि वाटपाच्या घोळात, वर्षानुवर्षं रिकामी पडून राहिली. शंभर वर्षांपूर्वीच्या रिकाम्या बीडीडी खोल्या आठवा. २०१५ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेत कर्जाच्या व्याजावर २ लाख ६७ हजारांपर्यंत सवलत होती. माझ्या ऑफिसमधल्या कितीतरी जणांनी घेतली, चांगली गोष्ट आहे. पण ती नवीन घर घेणाऱ्याला. राहतं घर टिकवणाऱ्यासाठी तसा रकाना फॉर्ममध्ये नव्हता.

आणि ज्यांनी नवीन घर घेतलं त्यांचंही बघा. डोंबिवलीत ६५ इमारती महापालिकेच्या बनावट परवानग्यांवर उभ्या राहिल्या, त्यांनी महारेराचा नंबरही मिळवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. आत राहणाऱ्या कितीतरी लोकांनी बँकेचं कर्ज काढून, रजिस्ट्रेशन करून घर घेतलेलं. बेकायदा बांधकाम पाडलं पाहिजे, यात वाद नाही. पण ज्याने फसवलं तो वेगळा आणि ज्याच्या डोक्यावरचं छप्पर जातं तो वेगळा. अशा वेळी त्या कुटुंबाने कुठे जायचं, याची तरतूद आपल्याकडे आधीपासून नसते. आरडाओरडा झाल्यावर शोधाशोध सुरू होते.

मग काय हवं?

जगात वेगळं काही कोणी केलंय का? कोविडच्या काळात अमेरिकेने भाडं थकलेल्या कुटुंबांसाठी सुमारे ४६ अब्ज डॉलर राज्यांकडे आणि शहरांकडे दिले. घरमालकाला थकलेलं भाडं मिळालं आणि भाडेकरू घरात राहिला. तो पैसा तात्पुरता होता, संपला. पण सूत्र ओळखीचं वाटतं ना? मालकाला बुडवायचं नाही, राहणाऱ्याला काढायचं नाही, मधली फट सार्वजनिक पैशाने भरायची. आपण हेच १९७१ पासून करतोय. फक्त सायनपर्यंत.

मला वाटतं, मुंबई महानगर प्रदेशातल्या सगळ्या महापालिकांसाठी मिळून असा एक निधी हवा. दोनच कामांसाठी. सी-२ इमारतींच्या दुरुस्तीला मदत, आणि सी-१ मधून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला नवीन घर मिळेपर्यंत ठरलेलं भाडं. उपकर लावावा लागेल, म्हणजे तुम्हाआम्हालाही थोडं भरावं लागेल. मला चालेल. आणि बेटावरच्या मंडळाकडून एक धडा घ्यावा लागेल. संक्रमण शिबिरं बांधत बसू नका, भाड्याचे पैसे थेट खात्यात द्या आणि परतीच्या हक्काचा कागद हातात द्या. हा कागद असता तर काकू कधीच बाहेर पडल्या असत्या.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? तुम्ही जुन्या इमारतीत राहत असाल तर या रविवारी चार गोष्टी बघा. इमारत तीस वर्षांच्या वर आहे का. असेल तर कायद्याने स्ट्रक्चरल ऑडिट करून महापालिकेला प्रमाणपत्र द्यावं लागतं. सोसायटी असेल तर जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का; नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करता येतो. भाडेपावती, लाइट बिल, मालमत्ता कराची पावती कोणाच्या नावावर आहे. आणि कधी घर खाली करायची वेळ आलीच, तर महापालिकेकडून आपल्या खोलीचं क्षेत्रफळ मोजून लेखी घ्या, मग कुलूप लावा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही, पोर्टल उघडत नाही. तुमच्या हातात फोन आहे, तुम्हीच करा.

पुढच्या एपिसोडमध्ये पागडी. हा प्रकार आला कुठून, आणि १९९९ च्या कायद्याने त्याला मान्यता का दिली. तुमच्या घरात जुन्या भाडेपावत्या असतील तर त्यावरचं साल आणि रक्कम मला कळवा, नावं नकोत. त्यावरूनच सुरुवात करू.